पाण्यातले ठिपके: पुसण्याआधी थांबा

एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नसेल, तर हा घ्या लिखित मजकूर.

आपल्या अमडापूरहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. पण आजचा विषय समजायला समुद्र लागत नाही, धुकं पुरतं. हिवाळ्यात पहाटे चिखलीकडे निघा आणि धुक्यात गाडीचा अप्पर लावा. रस्ता दिसायचा सोडून समोर पांढरी भिंत उभी राहते. हेडलाइटचा उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. पाण्याखाली फ्लॅश मारला की हेच होतं, फक्त थेंबांच्या जागी गाळ, वाळू आणि बारीक जीव असतात. फोटोत ते पांढरे ठिपके होऊन उमटतात. याला म्हणतात बॅकस्कॅटर.

मागच्या वर्षी एक मित्र मालवणहून असे फोटो घेऊन आला. "पाण्यात बर्फ पडला का रे?" म्हणून ग्रुपवर सगळे त्याला चिडवायला लागले. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून काम माझ्याकडे आलं. फोनमधलं इरेझर फिरवलं आणि पाच मिनिटांत पाणी काचेसारखं झालं. नंतर मूळ फोटो झूम करून बघितला, तर कोपऱ्यातल्या काही ठिपक्यांना डोळे होते. माशांची पिल्लं होती ती! गाळ समजून मी पुसून टाकली होती.

तर हे ठिपके आले कुठून? चला १८९३ मध्ये. फ्रान्सच्या किनाऱ्यावर बान्यूल्स-सुर-मेर नावाचं गाव आहे. तिथे लुई बुताँ या जीवशास्त्रज्ञाने समुद्राखाली फोटो काढायला सुरुवात केली. कॅमेऱ्याची वॉटरप्रूफ पेटी त्यांच्या इंजिनिअर भावाने बनवली. पाण्याखाली उजेड इतका कमी की एका फोटोला कधीकधी अर्धा तास लागायचा. आता गंमत बघा. वाहता कण अर्धा तास एका जागी थांबत नाही, त्यामुळे त्याचा ठिपका उमटत नाही. फोटो नुसता धूसर येतो. ठिपके खरे आले ते फ्लॅशसोबत, कारण फ्लॅश प्रत्येक कणाला क्षणात पकडतो.

१९२६ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाजवळ विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले. त्यांनी मॅग्नेशियमची पावडर पाण्यावरच्या तराफ्यावर पेटवली. काम इतकं धोक्याचं की एका स्फोटात लाँगली भाजले. पण उजेड वरून आणि कॅमेरा खाली, म्हणजे उजेड थेट लेन्सकडे परतत नाही. आजचे डायव्हर फ्लॅश लांब दांड्यांवर लावून कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना दूर ठेवतात, त्यामागे हेच कारण. ठिपके कमी करायचा पहिला उपाय असा फोटो काढतानाच होतो.

तरी जे उरायचे, ते हाताने जायचे. जुन्या फोटो स्टुडिओत प्रिंटवरचा पांढरा डाग बारीक ब्रशने, रंग जुळवून, एकेक करून भरायचे. वेळ लागायचा, म्हणून प्रत्येक डागाकडे नीट बघितलं जायचं. १९९० मध्ये फोटोशॉप आलं. २००२ मध्ये त्यात हीलिंग ब्रश आला, जो आजूबाजूचा पोत घेऊन डाग बुजवतो. आता तर बोट फिरवलं की काम झालं. पण लक्षात घ्या, ठिपक्यामागे काय होतं हे सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ते अंदाज करतं.

२०१९ मध्ये डेरिया अक्काइनाक आणि ताली ट्राइबिट्झ यांनी 'सी-थ्रू' नावाची वेगळी पद्धत मांडली. प्रत्येक वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे ते मोजायचं, पाण्याने किती रंग खाल्ला आणि किती धूसरपणा वाढवला याचा हिशोब करायचा आणि तेवढंच वजा करायचं. तिथे नवीन काही रंगवलं जात नाही. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

का, ते सांगतो. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या डॉ. एस. आर. राव यांच्या टीमने १९८० च्या दशकात द्वारकेच्या समुद्रात शोध घेतला. त्यांना घडीव दगड आणि दगडी नांगर सापडले. अशा कामात फोटो हा पुरावा असतो, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेला. आता मोबाइलवर 'द्वारका' टाकून बघा. निळंशार पाणी, सोन्याचे खांब, एकही ठिपका नाही! लोकांना तेच खरं वाटतं आणि खरा धूसर फोटो मात्र 'फेक' वाटतो. चकचकीत पाणी बघायची सवय आपणच लावून घेतलीय.

म्हणून माझा नियम साधा आहे. स्टेटसला टाकायचा फोटो खुशाल साफ करा, पण मूळ फाइल डिलीट करू नका. आणि पुसण्याआधी एकदा झूम करा. कुणी सांगावं, ठिपक्याला डोळे असतील.

तुमच्याकडे असा काही फोटो असेल तर मूळ आणि साफ केलेला, दोन्ही पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!