खाडीला सातबारा नव्हता : रायगडच्या कांदळवनाचा इतिहास

#थ्रेड

१/
उरण तालुक्यातील चिरनेर. २५ सप्टेंबर १९३०. जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले. तो लढा डोंगरावरील जंगलाचा होता. याच तालुक्याच्या खाडीकाठी दुसरे एक जंगल उभे होते. त्याला कायद्याने राज्यभर 'वन' म्हणून मान्यता मिळण्यास आणखी पाऊणशे वर्षे लागली. त्या जंगलाची ही कथा.

२/
तिवर, चिपी, कांदळ, मारांदी ही त्यातील काही झाडे. दिवसातून दोनदा भरती येते, चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, पाणी खारे असते. म्हणून तिवराची मुळे चिखलाबाहेर डोके काढून श्वास घेतात. कांदळाचे बी तर झाडावरच रुजते आणि मग खाली पडते. या झाडांचे सारे जीवन भरती-ओहोटीच्या येण्याजाण्यावर बेतलेले आहे. हा मुद्दा ध्यानात ठेवावा, पुढे तोच कळीचा ठरणार आहे.

३/
या मुळांच्या आडोशाने कोळंबी, चिंबोरी, निवटी वाढतात. अलिबाग-पेणच्या खारेपाटात मानाचा मानला जाणारा जिताडा लहानपणी याच खाडीच्या पाण्यात पोसला जातो. होडी नसलेल्या माणसालाही येथे पोटापुरते मिळे. मात्र त्या मिळकतीची नोंद कोणत्याही दप्तरात होत नसे.

४/
दप्तरात नोंद होई ती भातशेतीची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात खाजण जमिनींना बांध घालून शेती काढण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. भांडवल असलेले लोक सरकारशी करार करून बाहेरचा बांध घालत व राखत. त्यांना 'शिलोत्रीदार' म्हणत. बांध शाबूत ठेवण्याच्या मोबदल्यात त्यांना शेतकऱ्यांकडून बिघ्यामागे भात मिळे. १८८३ च्या कुलाबा गॅझेटियरमध्ये या पद्धतीचे वर्णन आले आहे.

५/
हे बांधही कांदळवनाच्याच चिखलावर उभे राहिले, हे विसरून चालणार नाही. माणसाने येथे पूर्वीही जंगल हटवले. पण बांध मातीचा होता. त्याच्या बाहेर तिवरांची रांग असेल तर लाटेचा मार कमी होई. रांग नाहीशी झाली की उधाणाला 'खांड' जाई, म्हणजे बांध फुटून खारे पाणी शेतात शिरे. शेतकऱ्याला शेत हवे होते, आणि त्या शेतासाठीच बाहेरचे तिवरही हवे होते.

६/
स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा व १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा आला. दोन्हींची दृष्टी शेतीची होती. बांधाआतील जमिनीला मालक होता, आकार होता, सातबारा होता. बांधाबाहेरील कांदळवन महसुली भाषेत खाजण किंवा पडीक. आणि जे पडीक, ते भरून काढण्यास मोकळे.

७/
१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. नव्या शहरासाठी ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. पुढे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर उभे राहिले आणि १९८९ मध्ये सुरू झाले. शेवा गावच्या कोळ्यांना आपला कोळीवाडा सोडावा लागला.

८/
जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा झाला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली, तिचे मूळ या लढ्यात आहे. परंतु हा हक्क शेतजमिनीला लागून होता. ज्याची उपजीविका खाडीवर होती, त्याने हातात कोणता कागद धरावा?

९/
येथे दुसऱ्या पोस्टमधील मुद्दा आठवावा. कांदळवन मारण्यास कुऱ्हाड लागत नाही. भराव टाकून किंवा रस्ता बांधून भरतीची वाट अडवली की श्वसनमुळे गुदमरतात वा जमीन कोरडी पडते. काही काळाने झाडे उभ्या उभ्या वाळतात. मग पाहणीला आलेल्याला ती जागा खरोखरच पडीक दिसते.

१०/
कायद्याची दृष्टी हळूहळू बदलली. १९ फेब्रुवारी १९९१ च्या सागरी किनारा नियमन अधिसूचनेने (सीआरझेड) कांदळवनाला सर्वाधिक संरक्षणाच्या पहिल्या वर्गात घातले. तोड मात्र थांबली नाही. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभर कांदळवन तोडीस मनाई केली. भोवतालच्या ५० मीटरमध्ये भराव व बांधकाम थांबवले आणि सरकारी जमिनीवरील कांदळवन संरक्षित वन म्हणून जाहीर करण्यास सांगितले. २०१२ मध्ये वनविभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला.

११/
कोळ्यांच्या प्रश्नाचे उत्तर २७ फेब्रुवारी २०१५ रोजी मिळाले. उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश जेएनपीटी, ओएनजीसी व सिडको यांना दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले. तरीही सातबारा नसलेल्या खाडीवर अवलंबून असलेल्यांचे नुकसान हे 'नुकसान' आहे, याची लेखी नोंद प्रथमच इतक्या ठळकपणे झाली.

१२/
१७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. जमीन कोणाच्याही मालकीची असो, हे संरक्षण लागू आहे. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही न्यायालयाची परवानगी लागते.

१३/
पण यातून नवा पेच निर्माण होतो. खारेपाटात बांध फुटून वर्षानुवर्षे खारे पाणी राहिलेल्या शेतांत तिवर आपोआप रुजले आहेत. बांध राखला गेला नाही हा त्या शेतकऱ्याचा दोष नव्हे, आणि आता त्या जमिनीवर त्याला भातही घेता येत नाही. कारखाना आणि जंगल यांच्या वादात या तिसऱ्या माणसाचा विचार झाला नाही, तर जंगलाला गावातच शत्रू निर्माण होतील.

१४/
भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार महाराष्ट्रात ३२४ चौरस किलोमीटर कांदळवन होते. आकडा दिलासा देणारा होता. परंतु फुटलेल्या शेतात उगवलेले नवे तिवर उरणच्या बुजवलेल्या खाडीतील कोळंबी परत आणत नाहीत.

१५/
मित्रहो, आपले गाव खाडीकाठी असेल तर जुना गावनकाशा जरूर पाहावा. 'खाजण' लिहिलेल्या जागेवर आज काय आहे आणि तेथे भरतीचे पाणी पोहोचते का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत. कांदळवनाला आता कागद मिळाला आहे. पण ते जगते भरतीवर, आणि तिची वाट मोकळी आहे की नाही हे काठावर उभे राहूनच कळते.

#थ्रेड_समाप्त