इंटर सायन्स ते बी ग्रूप

दहावीचा निकाल हाती पडला की सुरतेच्या लिंबायत भागातील खानदेशी घरांतून जी मसलत बसते, तिचा विषय एकच असतो: मुलीने 'ए ग्रूप' घ्यावा की 'बी'. गणित टाकून जीवशास्त्र पत्करले म्हणजे वैद्यकाचा रस्ता धरला, जीवशास्त्र टाकले म्हणजे तो कायमचा सुटला, असा घरातील वडीलधाऱ्यांचा पक्का समज. आणि ज्यांचे मन कोठेच ठरत नाही, त्यांच्यासाठी दोन्हींचे ओझे एकदम वाहणारा 'एबी'. हा प्रघात आता इतका अंगवळणी पडला आहे की तो अनादि काळापासून चालत आला असावा असे वाटते. वास्तविक पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा फैसला करून टाकण्याची चाल जेमतेम पन्नास वर्षांची आहे.

मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले ते 1845 साली, म्हणजे विद्यापीठ जन्मास येण्याच्या बारा वर्षे आधी. त्यामुळे पहिल्या विद्यार्थ्यांपुढे विषय निवडण्याचा प्रश्नच नव्हता, इंग्रजी शाळेतील शिक्षण हीच काय ती पात्रता. भाऊ दाजी लाड हे एल्फिन्स्टन संस्थेतून तेथे गेले आणि 1851 साली सनद घेऊन बाहेर पडले. पुढे नाणी आणि शिलालेख यांच्या अभ्यासात त्यांनी जो लौकिक मिळवला, तो पाहता वैद्यकाआधीचे त्यांचे विविध वाचन वाया गेले असे कोणी म्हणणार नाही. 1860 नंतरच्या दशकात याच कॉलेजात इस्पितळांतील दुय्यम हुद्द्यांसाठी देशी भाषांतून वर्ग निघाले, एक मराठीचा आणि एक गुजरातीचा. पुढे पुणे आणि अहमदाबाद या दोन्ही ठिकाणी बैरामजी जीजीभाई यांच्या नावाच्या वैद्यकशाळा उभ्या राहिल्या, आणि मुंबई इलाख्यात वैद्यकाला दोन दरवाजे झाले: कॉलेजात जाऊन विद्यापीठाची पदवी घेणे हा एक, आणि मॅट्रिक होऊन थेट वैद्यकशाळेत शिरून परवान्याचा डॉक्टर होणे हा दुसरा. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, पिढ्यान्‌पिढ्या लोकांची नाडी पाहिली ती बहुतांशी या दुसऱ्या दरवाजातून आलेल्यांनी. त्यांना कमी लेखण्याची जी रीत पुढे पडली, ती मला न्याय्य वाटत नाही.

हा दुसरा दरवाजा 1946 च्या सुमारास बंद झाला. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर ज्या समितीचे अध्यक्ष होते, तिने त्या साली देशात एकाच प्रकारचा, पदवीधर डॉक्टर असावा असा अभिप्राय दिला. पुणे आणि अहमदाबाद येथील शाळाही त्याच साली महाविद्यालये झाल्या. यापुढे वैद्यकाला जाणाऱ्या प्रत्येकाला इंटर सायन्सचा उंबरठा ओलांडणे भाग होते. सुरतेत ही सोय सार्वजनिक सोसायटीच्या, 1918 साली स्थापन झालेल्या, एम.टी.बी. महाविद्यालयाच्या परंपरेत होती. खानदेशात अमळनेरचे प्रताप महाविद्यालय नुकतेच निघाले होते. मॅट्रिकनंतरची ती दोन वर्षे म्हणजे घर आणि वैद्यक यांच्यामधला एक ऐसपैस सोपा होता. मुलगा भाषा वाचत असे, मेणाच्या तबकात टाचण्यांनी ताणून धरलेला बेडूक चिरत असे, जर्नलात त्याच्या रक्तवाहिन्या तांबड्या-निळ्या पेन्सिलीने रंगवत असे. आणि चिरताना हात कापतो आहे की स्थिर आहे, हे त्याला स्वतःला आणि प्राध्यापकाला अठराव्या वर्षाच्या आत कळून चुकत असे.

पुढील उलथापालथी भराभर झाल्या. 1949 साली गुजरात विद्यापीठ निघाले, 1960 साली राज्ये वेगळी झाली, 1964 साली सुरतेला सरकारी मेडिकल कॉलेज मिळाले, आणि सत्तरीच्या दशकात दहा अधिक दोन हा आकृतिबंध येऊन इंटरची वर्षे महाविद्यालयाच्या आवारातून उचलून शाळेच्या वर्गात नेऊन ठेवण्यात आली. प्राध्यापकाची जागा पालकाने घेतली ती तेव्हापासून.

नेमक्या याच काळात ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने धुळे-जळगावकडील माणसे उधन्याला उतरू लागली, लूमवर आणि डाइंग मिलमध्ये लागली, आणि लिंबायत, डिंडोली, नवागाम भरत गेले. पालिकेच्या मराठी शाळेत मुले अहिराणी बोलत शिकली. परंतु विज्ञानाच्या वर्गात पाऊल टाकताच बहुतेकांपुढे इंग्रजी किंवा गुजराती पुस्तक उघडले जाते. बॉम्बे मार्केटसमोर महापालिकेचे 'स्मीमेर' मेडिकल कॉलेज आहे. साडीच्या गाठी उचलणारा बाप रोज त्याच्या फाटकावरून जातो, त्यामुळे डॉक्टरकी हे त्याला दूरचे स्वप्न वाटत नाही. वैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे 'नीट'चे, 720 गुण असतात, त्यांतील 360 जीवशास्त्राचे. आणि 2017 पासून ही परीक्षा मराठीतही देता येते खरी, परंतु मराठी प्रश्नपत्रिका मिळते ती महाराष्ट्रातील केंद्रांवर. सुरतेच्या केंद्रावर गुजराती, हिंदी वा इंग्रजी.

पहिल्या खेपेला गुण कमी पडले म्हणजे 'ड्रॉप' घ्यायचा. आणि वर्ष अगदीच रिकामे दिसू नये म्हणून बी.एस्सी.ला नाव घालून ठेवायचे, रसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन. जी पदवी एके काळी सुरतेत प्रतिष्ठेची समजली जाई, ती अशी प्रतीक्षागृह झाली आहे, याची खंत तेथील अध्यापकांना नक्कीच वाटत असेल. कोणी वर्षाने एम.बी.बी.एस.ला लागतो, कोणी होमिओपॅथीला वा फिजिओथेरपीला वळतो, आणि कोणी त्याच बी.एस्सी.त रमून पुढे लॅबोरेटरीत स्थिरावतो.

2023 साली राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नियम सैल केला: बारावीनंतर जीवशास्त्राची अतिरिक्त विषय म्हणून परीक्षा देऊनही आता 'नीट'ला बसता येते. म्हणजे दहावीनंतरचा फैसला कागदोपत्री तरी अखेरचा उरलेला नाही. तरीही लिंबायतमधील बाप अकरावीच्या अर्जावर 'बी'च लिहितो. ड्रॉपचे एक वर्ष त्याने मनात आधीच धरलेले असते. बारा तासांच्या पाळीवर पोसल्या जाणाऱ्या घरात, विषय बदलण्यासाठी आणखी एक वर्ष काढणे त्याच्या हिशेबात बसत नाही.