शिकारीची रायफल : लष्करी बांधणीची की बोल्टची?

अमेरिकेत शरद ऋतूत हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो आणि शिकाऱ्यांमधील एक जुना वादही डोके वर काढतो. शिकारीसाठी पारंपरिक 'बोल्ट ॲक्शन' रायफल योग्य की लष्करी बांधणीची अर्धस्वयंचलित 'एआर' रायफल, हा तो वाद. २००७ मध्ये शिकारविषयक ज्येष्ठ लेखक जिम झुम्बो यांनी अशा लष्करी रायफलींना शिकारीत स्थान नसावे, असे मत मांडले. त्यावर उसळलेला रोष माफी मागूनही शमला नाही आणि 'आउटडोअर लाइफ' मासिकाशी असलेला त्यांचा संबंध संपुष्टात आला.

दोन्ही रायफलींतील मूळ फरक यंत्रणेचा आहे. बोल्ट रायफलीत प्रत्येक गोळीनंतर मूठ उचलून मागे ओढावी लागते. त्यासरशी रिकामे काडतूस बाहेर पडते आणि मूठ पुढे ढकलताच नवे आत बसते. एआरमध्ये हेच काम काडतुसातील वायूच्या दाबाने आपोआप होते. मात्र नागरी रायफलीतून चाप एकदा ओढल्यास एकच गोळी सुटते. लष्करी एम-१६ प्रमाणे तिच्यातून गोळ्यांची सलग फैर झाडता येत नाही. 'एआर' ही अक्षरे 'आर्मालाइट' या कंपनीच्या नावावरून आली आहेत. तेथील अभियंते युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात ही रचना साकारली आणि १९६४ पासून कोल्ट कंपनीने तिची नागरी आवृत्ती विक्रीस आणली.

आज पारंपरिक म्हणवली जाणारी बोल्ट रायफलही मुळात सैनिकाचेच शस्त्र होते. तिचा आदर्श नमुना असलेली माउझर रायफल जर्मन सैन्याने १८९८ मध्ये स्वीकारली. जिम कॉर्बेट यांची प्रसिद्ध २७५ रिग्बी रायफलही माउझर यंत्रणेचीच होती. त्यामुळे केवळ लष्करी कुळावरून एखादी रायफल शिकारीला अयोग्य ठरवता येत नाही.

खरा प्रश्न काडतुसाचा आहे. एआरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या २२३ रेमिंग्टन काडतुसातील गोळी साधारण साडेतीन ग्रॅमची असते, तर बोल्ट रायफलीत लोकप्रिय असलेल्या ३०८ विंचेस्टरची साडेनऊ ग्रॅमच्या आसपास. कोल्ह्यासारख्या कायोटीसाठी पहिली पुरेशी ठरते. मोठ्या हरणाला मात्र ती चुकीच्या जागी लागली, तर जनावर जखमी अवस्थेत दूर पळते आणि हाल होऊन मरते. म्हणूनच व्हर्जिनियात हरणांसाठी किमान ०.२३ इंच, तर कोलोरॅडोत मोठ्या प्राण्यांसाठी किमान ०.२४ इंच व्यासाची अट आहे. पेनसिल्व्हेनियाने २०१७ मध्ये लहान प्राण्यांसाठी अर्धस्वयंचलित रायफलींना परवानगी दिली, पण हरणांसाठी मनाई कायम ठेवली. ३०८ काडतुसाची मोठी एआरही मिळते. तिच्याबाबतीत काडतुसाचा आक्षेप उरत नाही.

एआरचा धक्का सौम्य असतो आणि दुसरी गोळी चटकन झाडता येते. टेक्सासमधील रानटी डुकरांच्या कळपांविरुद्ध हा गुण उपयोगी पडतो. बोल्ट रायफलीची रचना साधी व मजबूत असते आणि ती साफ करणेही सोपे असते. दुसऱ्या गोळीसाठी मूठ ओढावी लागत असल्याने पहिल्या नेमाकडे अधिक लक्ष दिले जाते, असे तिचे चाहते मानतात.

भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मुळे शिकारीला बंदी आहे. जेथे ती कायदेशीर आहे, तेथे रायफल कशी दिसते यापेक्षा जनावराला साजेसे काडतूस आणि अचूक पहिली गोळी या दोन गोष्टींवरच त्या जनावराचे मरण वेदनारहित होणार की नाही, हे ठरते.