मराठी कथेतील काळोख आणि माणूस



गेल्या वर्षा-दोन वर्षांत मी काही मराठी कादंबऱ्या आणि कथा वाचल्या. काही नव्याने, काही फिरून. त्या सर्वांत एका बाबतीत साम्य आढळले. त्यांत सुखाचा भाग फार थोडा आहे. शेवट गोड होत नाही, दुष्टाला शासन होत नाही, आणि सज्जनाच्या पदरात काही पडतेच असेही नाही. तरी पुस्तक मिटल्यावर त्यांतील माणूस मनातून जात नाही. असे का व्हावे, याचा विचार आज तुमच्यापुढे मांडावयाचा आहे. मी टीकाकार नव्हे. ग्रंथालयातून पुस्तक आणून रात्री वाचणारा साधा वाचक आहे. तेव्हा मते माझी आहेत. इतिहास मात्र सर्वांचा आहे.

या पुस्तकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणूस आठ तास यंत्रापुढे उभा राहतो, गर्दीतून वाट काढीत घरी येतो. संसाराच्या विवंचना त्याच्या पाचवीला पुजलेल्या असतात. अशा माणसाने विरंगुळा म्हणून पुस्तक उघडावे आणि त्यातही दुःखच हाती यावे, हा कोठला न्याय? शिवाय घरात वाढत्या वयाची मुले असतात. त्यांच्या हाती अशी पुस्तके द्यावीत काय? आकुर्डीसारख्या कामकऱ्यांच्या गावात हा प्रश्न पुस्तकी नाही. ग्रंथालयाच्या तुटपुंज्या पैशांत कोणती पुस्तके घ्यावयाची, हे शेवटी याच प्रश्नाच्या उत्तरावर ठरते.

उत्तर शोधताना प्रथम आपल्या पायाखालची जमीन पाहू. देहू सोडल्यावर तुकोबांच्या पालखीचा मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात पडतो, हे येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ज्यांच्या पादुका आपण डोक्यावर घेतो त्या तुकोबांनी दुष्काळात पत्नी गमावली, मूल गमावले, दिवाळे पाहिले. ते सारे त्यांनी झाकून ठेवले नाही. स्वतःच्या मनातील भीती, लाज, संताप आणि शंका त्यांनी चारचौघांत उघडपणे सांगितली. तेव्हा अंतःकरणातील काळोख शब्दांत उतरविणे ही विलायतेहून आलेली खोड आहे, असे निदान या गावात तरी कोणी म्हणू नये.

कादंबरी हा प्रकार मात्र बाहेरून आला. बाबा पदमनजी यांचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ साली निघाले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि तिचा विषय आहे विधवांची दुःस्थिती. म्हणजे आमच्या कादंबरीचा जन्मच मुळी दुःखाच्या घरी झाला. त्याच १८५७ साली फ्रान्समध्ये फ्लोबेरवर ‘मादाम बोव्हारी’ या कादंबरीबद्दल अनीतीचा खटला चालला, आणि न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. एका लग्न झालेल्या स्त्रीचे असमाधान लेखकाने तिची निर्भर्त्सना न करता रंगविले, हा त्याचा मुख्य अपराध. या दोन पुस्तकांतील फरक लक्षात घेण्याजोगा आहे. बाबा पदमनजींना एक रूढी मोडावयाची होती. फ्लोबेरला एक बाई समजून घ्यावयाची होती. पुढील शंभर वर्षे मराठी कादंबरी पहिल्या हेतूकडून दुसऱ्याकडे सरकत गेली, असे माझे मत आहे.

हरिभाऊ आपट्यांनी या वाटेवरील मोठा टप्पा गाठला. १८९० साली ‘करमणूक’ हे पत्र निघाले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचकांपुढे आली. यमू आपली कहाणी आपल्याच तोंडाने सांगते. नवरा गेल्यावर तिच्यावर जे अत्याचार होतात ते आजही वाचवत नाहीत. शंकरमामंजींसारखा ढोंगी माणूस तर आपल्या ओळखीचाच वाटतो. येथे सुधारणेचा हेतू आहेच. परंतु यमूचे बालपण, तिची भावावरची माया, नवऱ्याशी जुळत गेलेले मन हे सर्व आधी इतके जिवंत होते की पुढील आघात एका विधवेवर न होता आपल्या घरच्या मुलीवर होतो. पत्राचे नाव ‘करमणूक’ आणि मजकूर हा! हरिभाऊंच्या वाचकांना त्यात विसंगती वाटली नाही, हे आजच्या आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.

पुढे फडके आणि खांडेकर यांचा काळ आला. कला कलेसाठी की जीवनासाठी, असा वाद रंगला. त्या गदारोळात दोन पुस्तके अगदी वेगळी निघाली. ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह आला. शिकलेल्या, मिळवत्या मुलींच्या मनातील कोंडमारा त्यात इतका उघड होता की समाजात खळबळ उडाली. पुढे विश्राम बेडेकर यांची ‘रणांगण’ १९३९ साली आली. युरोपातून परतणारा चक्रधर आणि हिटलरच्या छळातून निसटलेली ज्यू तरुणी हर्टा यांची बोटीवर गाठ पडते. मुंबईला तो उतरतो. तिला उतरावयास परवानगी नाही. पुढे ती जीव देते. पुस्तक लहान आहे, पण त्याच वर्षी सुरू झालेल्या महायुद्धाचे सारे अमानुषपण त्यात मावले आहे. मला त्यात विशेष वाटते ते चक्रधराचे चित्र. तो खलपुरुष नाही, वीरही नाही. प्रेमाच्या बाबतीत पूर्वी पोळलेला, म्हणून जरा कोरडा झालेला साधा माणूस आहे. हर्टाचा बळी हिटलरने घेतला हे खरेच; पण त्या कोरडेपणाचा त्यात किती वाटा होता, हा प्रश्न लेखक आपल्यावर सोडून देतो.

या दोन्ही पुस्तकांचे लेखक पतिपत्नी होते. विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर. त्यांनी सोलापूरच्या गुन्हेगार जमातींच्या वसाहतीत काम केले होते. त्या अनुभवातून १९५० साली त्यांची ‘बळी’ ही कादंबरी आली. ज्यांना कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्या तारेच्या कुंपणाआडच्या माणसांची ती कथा आहे. १८७१ पासून चालत आलेला हा कायदा १९५२ साली रद्द झाला. कुंपण मात्र लोकांच्या मनातून अजून निघालेले नाही. म्हणूनच हे पुस्तक जुने होत नाही.

आता अण्णा भाऊ साठे यांच्या एका कथेविषयी थोडे सविस्तर बोलतो, कारण ती या गावाने अवश्य वाचावी अशी आहे. ‘स्मशानातील सोनं’ हे तिचे नाव. वारणेकाठचा भीमा अंगापिंडाने धिप्पाड. पोटासाठी मुंबईस येतो आणि उपनगरातील खाणीत कामाला लागतो. खाण बंद पडते. राखेत सोन्याचा कण सापडल्यावर तो रात्री स्मशाने धुंडाळू लागतो. एका रात्री प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि ती कायमची जातात. नंतर बातमी येते की खाण पुन्हा सुरू होत आहे. पण दगड फोडणारे हात आता कुठले? कथेत कोल्ह्यांची झुंज आहे, मध्यरात्रीचे भय आहे, अंगावर काटा आणणारे सारे आहे. तरी खरे भय तेथे नाही. खरे भय आहे ते काम जाण्याचे. काम गेले की माणसाची अब्रू, विवेक, देवाधर्माची भीती हे सारे एकामागून एक कसे गळून पडते, हे अण्णा भाऊंनी थोडक्या पानांत दाखविले. ते स्वतः मुंबईत गिरणीत राबले होते. आकुर्डीच्या लोकांना याचा अर्थ फोड करून सांगण्याची गरज नाही. येथील स्कूटरच्या कारखान्याभोवती गाव वाढले, आणि २००७ साली तेथील उत्पादन थांबलेलेही गावाने पाहिले. भोंग्यावर ज्यांचे दिवस चालले त्यांना भोंगा थांबणे म्हणजे काय, हे ठाऊक आहे.

१९६० नंतरची दहा वर्षे या प्रकारच्या लेखनाला फार फळली. श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ १९६२ साली आली. तिच्या नायिकेला लेखकाने नावच दिले नाही, आणि तरी तिच्याइतकी ठसठशीत बाई मराठीत विरळा. १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ आली. सांगवीहून पुण्यास शिकावयास आलेला पांडुरंग आपल्याला दीड-दोनशे पाने हसवीत नेतो आणि धाकट्या बहिणीच्या, मनीच्या, मरणापाशी हसणे एकाएकी थांबवितो. देवीच्या रोगाने गेलेल्या त्या मुलीवरची पाने मी सलग वाचू शकत नाही. त्याच वर्षी जयवंत दळवींनी ‘चक्र’मध्ये झोपडपट्टी उभी केली. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ १९६६ ची. देवाने आपल्याला निवडले आहे असा भरवसा बसलेला परशुरामतात्या त्या भरवशापायी केवढे अनर्थ करतो, हे त्यात आहे. श्रद्धा आणि अहंकार यांची गाठ इतक्या निर्भयपणे दुसऱ्या कोणी सोडविलेली माझ्या वाचनात नाही.

भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’वर १९६५ नंतर गहजब झाला. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या टोळक्याची भाषा त्यांनी जशीच्या तशी लिहिली. आचार्य अत्रे यांच्यासारख्या मातब्बर लेखकाने पुस्तकावर अश्लीलतेचा वार केला. फ्लोबेरच्या खटल्याला शंभराहून अधिक वर्षे लोटली होती, आणि आरोप तोच होता. माझे मत विचाराल तर पुस्तकातील काही प्रसंग मला आवडत नाहीत. पण नाक्यावरची ती पोरे खरी आहेत, आणि त्यांचा रिकामपणाही खरा आहे. आपल्या चौकात तीच पोरे उभी असताना पुस्तकातून त्यांना हाकलून काय साधणार?

जी. ए. कुलकर्णी यांच्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ‘काजळमाया’ १९७२ साली आली. तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि प्रकाशनाच्या तारखेवरून वाद होताच जी. एं.नी तो परत केला. नियतीपुढे माणूस किती दुबळा, हे त्यांच्याइतक्या सातत्याने कोणी लिहिले नाही. येथे मात्र माझे थोडे वेगळे मत नोंदवितो. आरंभीच्या ‘निळा सावळा’, ‘पारवा’ या संग्रहांतील धारवाड-बेळगावकडची गरीब, मुकी, चिवट माणसे मला जितकी जवळची वाटतात, तितके त्यांच्या पुढील रूपककथांतील प्रवासी वाटत नाहीत. तेथे काळोख भव्य होतो, माणूस मात्र लहान होत जातो. पुष्कळांना हे मत पटणार नाही. वाचून पाहावे आणि स्वतः ठरवावे.

यावरून मी एक कसोटी बांधली आहे. दुःखाच्या वर्णनाने पुस्तक थोर होत नाही. रक्त, व्यसन, शिव्या, वेड यांची भरताड करणे सोपे आहे. प्रश्न असा विचारावा की काळोख बाजूला केला तर मागे कोणी माणूस उरतो की नाही? भीमा उरतो, मनी उरते, हर्टा उरते. जेथे कोणी उरत नाही, ते पुस्तक खुशाल परत करावे. आणि जेथे माणूस उरतो, तेथे वाचणारा एकटा राहत नाही. आपल्या मनात जे उठते त्याची आपल्याला लाज वाटत असते. तेच दुसऱ्याच्या मनात उठलेले पाहिले की लाज कमी होते आणि विचार सुरू होतो. थकल्या माणसाला करमणूक हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण त्याला सोबतही हवी असते, आणि ती गोड पुस्तके नेहमी देऊ शकत नाहीत.

राहिला मुलांचा प्रश्न. वय पाहून पुस्तक द्यावे, हे उघड आहे. पण देऊन मोकळे होऊ नये. आपणही वाचावे आणि जेवताना त्यावर बोलावे. ज्या घरात यमूविषयी मोकळेपणी बोलता येते, त्या घरातील मुलगी स्वतःचे दुःखही बोलून दाखवील. हा लाभ लहान नाही.

शेवटी एक उणीव सांगतो. मुंबईच्या गिरण्यांना, खाणींना, झोपडपट्ट्यांना मराठीत लेखक मिळाले. पिंपरी-चिंचवडच्या या पट्ट्यात १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, मागोमाग इतर आले, शेते गेली, वसाहती झाल्या, १९८२ साली महानगरपालिका झाली, २०१६ साली साहित्य संमेलनही भरले. इतके सारे घडले त्यात माणसे किती घडली आणि किती मोडली, याची बखर मनाजोगी झालेली मला दिसत नाही. जमीन विकून आलेला पैसा पाहता पाहता गेलेला शेतकरी, तीन पाळ्यांत झोप हरवलेला कामगार, कंत्राटावर वर्षे काढणारा तरुण, या सर्वांना आपल्यातूनच कोणीतरी शब्द दिले पाहिजेत. ते लिहिणारा कदाचित या सभेतच बसला असेल. त्याने शेवट गोड करण्याच्या नादी लागू नये, खरा करावा. आपण वाचक त्याच्या पाठीशी उभे राहू.