टर्बोचार्जर शीतन, एंजिन बंद केल्यानंतरचे

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर टरबाइन फिरवून, त्याच दंडावर बसविलेल्या संपीडकाच्या साहाय्याने सिलिंडरांत दाबाखाली जादा हवा भरणाऱ्या यंत्रणेस टर्बोचार्जर म्हणतात [⟶ अंतर्ज्वलन-एंजिन]. एंजिन चालू असताना या यंत्रणेचे रक्षण तिच्यातून वाहणारे वंगण तेल करते. एंजिन बंद करताच तेलाचा प्रवाह थांबतो. परंतु टरबाइनाच्या आवरणात साठलेली उष्णता पसरतच राहते. त्यामुळे जुन्या स्पोर्ट्स मोटारगाड्यांत टर्बोचार्जरची पुष्कळशी हानी गाडी उभी केल्यानंतरच्या काही मिनिटांत होत असे. ही हानी टाळण्याची जबाबदारी प्रथम सर्वस्वी चालकावर होती व पुढे ती क्रमाक्रमाने यंत्ररचनेकडे आली, असा या शीतनाचा इतिहास थोडक्यात सांगता येईल.

हानीचे स्वरूप : पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल एंजिनाच्या टरबाइनात शिरणाऱ्या वायूंचे तापमान ९००° से. च्या वर जाऊ शकते. डीझेल एंजिनात ते यापेक्षा बरेच कमी असते. मोटारगाडीच्या टर्बोचार्जरचा दंड मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो. तो धारव्यांना (दंडाला आधार देणाऱ्या भागांना) प्रत्यक्ष न टेकता तेलाच्या पातळ थरावर फिरतो व तेच तेल धारव्यांतील उष्णताही वाहून नेते. एंजिन बंद होऊन तेलाचा पंप थांबला म्हणजे तप्त आवरण व टरबाइन चक्र यांतील उष्णता धातूमधून मधल्या धारवापेटीकडे सरकते आणि तेथील तापमान काही काळ उलट वाढत जाते. पेटीत अडकलेल्या तेलाचे या तापमानास विघटन होऊन कोळशासारखा कठीण थर मागे राहतो. एका वेळी साचणारा थर नगण्य असतो. पण तीच चूक वारंवार घडल्यास तेलाचे मार्ग अरुंद होतात, धारवे झिजतात, दंड डगमगू लागतो आणि शेवटी चक्राची पाती आवरणास घासतात. भरवेगात आलेले एंजिन एकदम बंद केल्यास आणखी एक धोका संभवतो : दंड जडत्वामुळे फिरत राहतो, परंतु त्यास ताजे तेल मिळत नाही.

इतिहास : आल्फ्रेट ब्यूखी या स्विस अभियंत्यांनी टर्बोचार्जरच्या मूळ कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये अमेरिकेतील पाइक्स पीक या सु. ४,३०० मी. उंचीच्या शिखरावर विमानाच्या एंजिनास टर्बोचार्जर जोडून विरळ हवेत त्याची उपयुक्तता सिद्ध केली. विक्रीसाठी बनविलेल्या मोटारगाड्यांत तो १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेर यांच्या द्वारे आला. जेटफायरमध्ये पाणी व अल्कोहॉल यांचे मिश्रण एंजिनात सोडण्याची सोय होती. परंतु तिचा हेतू ज्वलनातील ठोके टाळणे हा होता. गाडी थांबल्यानंतरच्या शीतनाशी तिचा संबंध नव्हता.

बीएमडब्ल्यू २००२ टर्बो (१९७३), पोर्श ९११ टर्बो (१९७४) व साब ९९ टर्बो (१९७७) या गाड्यांमुळे टर्बोचार्जर युरोपात लोकप्रिय झाला. या पिढीतील टर्बोचार्जरच्या धारव्यांचे शीतन केवळ वंगण तेलावर अवलंबून होते. म्हणून वेगाने गाडी चालविल्यावर एंजिन मिनिटभर तरी मंदगतीवर चालू ठेवावे व मगच बंद करावे, असा दंडक पडला. मंदगतीवर निष्कास वायू पुष्कळ थंड असतात व तेल मात्र वाहत राहते. त्यामुळे आवरणातील उष्णता हळूहळू निघून जाते. चावी काढून घेतल्यावरही एंजिन ठरावीक काळ चालू ठेवणारी कालनियंत्रक साधने पुढे विशेषतः जपानी गाड्यांच्या हौशी मालकांत प्रचारात आली. अधिक तापमान सहन करणाऱ्या संश्लेषित तेलांनीही थर साचण्याचे प्रमाण कमी केले.

खरा बदल १९८० नंतरच्या दशकात झाला. धारवापेटीभोवती पाण्याची पोकळी ठेवून ती एंजिनाच्या शीतन मंडलास जोडण्यात आली. एंजिन थांबल्यावर या पोकळीतील गरम पाणी हलके होऊन वर जाते व त्याची जागा थंड पाणी घेते. नळ्यांना योग्य चढ दिलेला असल्यास हे अभिसरण पंपाविना चालू राहते. पोर्श ९४४ टर्बो (१९८५) या गाडीत यापुढची पायरी गाठण्यात आली. एंजिन बंद केल्यावर एक विद्युत् पंप काही वेळ आपोआप चालून टर्बोचार्जरमधून पाणी फिरवीत असे.

भारतातील स्थिती : भारतात टर्बोचार्जरचा परिचय स्पोर्ट्स मोटारींऐवजी मुख्यत्वे रेल्वेची डीझेल एंजिने व मालमोटारी यांच्यामुळे झाला. भारतीय रेल्वेने १९६२ मध्ये टर्बोचार्जरयुक्त डब्ल्यूडीएम-२ एंजिने अमेरिकेतून आणली व १९६४ पासून ती वाराणसी येथे बनू लागली. १९९९ मध्ये आलेल्या डब्ल्यूडीजी-४ या मालगाडीच्या एंजिनात मुख्य एंजिन बंद झाल्यावर टर्बोचार्जरला सु. अर्धा तास तेल पुरविणारा स्वतंत्र विद्युत् पंप असतो. पोर्श गाडीत पाण्याने साधलेले कार्य येथे तेलाने साधले आहे.

मालमोटारींच्या संदर्भात भंडारा जिल्ह्याचे उदाहरण उद्बोधक आहे. जिल्ह्यातील गडेगाव येथे अशोक लेलँड कंपनीचा कारखाना १९८२ मध्ये सुरू झाला व तेथे गिअरपेट्या तयार होतात. मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्ग भंडारा, लाखनी व साकोली या गावांवरून जातो. देशात २००० सालापासून लागू झालेल्या उत्सर्जन मर्यादांमुळे मालमोटारींत टर्बोचार्जर सर्रास आला आणि स्पोर्ट्स मोटारींचा जुना दंडक या महामार्गावरील चालकांनाही पाळावा लागला. मे महिन्यात या भागातील तापमान ४५° से. च्या आसपास जाते. त्यामुळे टर्बोचार्जर बिघडण्याचा दोष उन्हाळ्यास देण्याकडे कल होणे स्वाभाविक आहे. परंतु शेकडो अंश तापलेल्या आवरणाच्या मानाने हवेतील पंधरा-वीस अंशांचा फरक गौण ठरतो. गाडी थांबण्यापूर्वीची काही मिनिटे ती कशी चालविली, हेच निर्णायक असते. भरल्या गाडीने वेगात येऊन ढाब्यासमोर एंजिन तत्काळ बंद करणे घातक होय. शेवटचे एक-दोन किमी. अंतर सावकाश आल्यास मात्र निम्मे शीतन वाटेतच होते व थोडा वेळ मंदगती पुरते. मंदगती अकारण लांबविल्यास इंधन वाया जाते.

नव्या गाड्यांत बहुधा ही काळजी यंत्रणाच घेते. केवळ तेलावर थंड होणाऱ्या जुन्या गाड्यांना मात्र तो दंडक अजूनही लागू आहे. तेल वेळच्या वेळी बदलणे त्यांच्या बाबतीत तितकेच आवश्यक असते, कारण साचलेला थर बाहेरून दिसत नाही. निष्कासातून निळसर धूर येऊ लागला किंवा टर्बोचार्जरचा आवाज बदलला म्हणजेच त्याची जाणीव होते आणि तोपर्यंत धारव्यांची झीज बहुधा भरून न येण्याइतकी झालेली असते.