शेपटीच्या टोकाला टोचलेली लस

पावसाळ्याच्या तोंडावर गोठ्यातले सर्वांत धट्टेकट्टे वासरू एका पायाने लंगडू लागते. फऱ्यावर सूज येते, दाबली की चरचर वाजते, आणि एकदोन दिवसांत जनावर दगावते. म्हणून रोगाचे नावच फऱ्या. कुठे त्याला एकटांग्या म्हणतात.

युरोपात हा रोग दीर्घकाळ काळपुळीचाच प्रकार समजला जाई. 1870 च्या दशकात जर्मनीत बोलिंगर आणि फेझर यांनी तो वेगळा असल्याचे दाखवले. त्याचा जीवाणू, क्लॉस्ट्रिडियम शोव्हिआय, प्राणवायूत वाढत नाही; प्रतिकूल काळात बीजाणू बनून मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो.

लस तयार करताना हीच अडचण आली. काळपुळीचा जीवाणू हवेत वाढतो. पास्तरने तो 42-43 अंशांवर वाढवून दुबळा केला आणि 1881 मध्ये त्याची लस जाहीर प्रयोगात सिद्ध केली. फऱ्याचा जीवाणू असा चंबूत सहजी वाढेना. लियोनचे आर्लुअँ, कोर्नव्हँ आणि त्यांचे सहकारी थोमा यांनी मग चंबूचा नादच सोडला. मेलेल्या जनावराचा सुजलेला स्नायूच त्यांनी वाळवला, कुटला, पाण्यात कालवला आणि कित्येक तास तापवला. 100 ते 104 अंशांवर तापवलेली भुकटी सौम्य. ती आधी टोचायची. 90 ते 94 अंशांवरची अधिक जहाल. ती काही दिवसांनी. इतक्या उष्णतेतही सगळे बीजाणू मरत नाहीत, आणि नेमका त्याचाच उपयोग त्यांनी करून घेतला.

टोचायचे कुठे? शेपटीच्या टोकाला! तिथली ऊती घट्ट आणि थंड असते, जीवाणूंना फोफावायला जागा मिळत नाही. मांसल भागात तीच मात्रा घातक ठरू शकली असती. (पास्तरची गोष्ट आपण वर्गात दरवर्षी सांगतो, या तिघांची सांगत नाही. मला तरी त्यांची युक्ती कमी वाटत नाही.)

धोका मात्र उरलाच. बीजाणू जिवंत असल्याने लसीनेच कधी कधी फऱ्या होई.

भारतात पशुरोगांच्या संशोधनासाठी 1889 मध्ये पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू झाली. 1893 मध्ये ती कुमाऊँतल्या मुक्तेश्वरला हलली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे फऱ्याची लस बनू लागली.

पुढे 1920 च्या दशकात फ्रान्समध्ये लेक्लाँश आणि व्हाले यांनी जीवाणू वाढवून फॉर्मॅलिनने मारले. या लसीत जिवंत काहीच नव्हते, तरी संरक्षण मिळाले. आज पावसाळ्यापूर्वी आपल्याकडे गुरांना टोचतात ती लस याच घराण्यातली. ती नेमकी कशाविरुद्ध काम करते हे मात्र कितीतरी काळ धूसर होते. जीवाणूचे एक प्रमुख विष ओळखून, केवळ त्याच्याविरुद्धची प्रतिकारशक्तीही संरक्षण देते हे दाखवणारा शोधनिबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. तोवर या लसीने कित्येक पिढ्यांची वासरे वाचवली होती.