छातीतली सुई पोटात

जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, सोनोग्राफीत पित्ताशयातले खडे दिसतात आणि सर्जन म्हणतात, ‘दुर्बिणीतून काढून टाकू.’ या ऑपरेशनची सुरुवात अनेकदा ज्या बारीक सुईने होते, ती मुळात पोटासाठी नव्हतीच. ती होती क्षयरोग्यांच्या छातीसाठी.

१९३०च्या दशकात क्षयावर औषध नव्हतं. रोगट फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून त्याच्याभोवती हवा भरत. मोठा धोका होता, सुईचं टोक फुप्फुसातच घुसण्याचा. हंगेरीतल्या कापुवारच्या डॉक्टर यानोश वेरेश यांनी धारदार सुईच्या पोटात स्प्रिंगवरची बोथट नळी बसवली. मांस टोचताना नळी मागे सरते, धार काम करते; पोकळी लागताच नळी ‘टक्’ करून पुढे येते आणि टोक झाकलं जातं. वायू नळीच्या बाजूच्या छिद्रातून आत जातो.

पुढे क्षयावर स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आलं, छातीत हवा भरणं मागे पडलं. सुई मात्र स्त्रीरोगतज्ज्ञांनी उचलली, दुर्बीण घालण्याआधी पोट फुगवायला.

यावर एक आक्षेप आहे. जर्मन डॉक्टर ओटो गोएत्से यांनी १९१८ मध्येच पोटात वायू भरण्याची खास सुई केली होती, मग श्रेय वेरेश यांना का? कल्पनेचा पहिला मान गोएत्सेंना जरूर द्यावा. पण ऑपरेशन थिएटरच्या ट्रेमध्ये टिकली ती वेरेशचीच सुई, आणि वंशावळ टिकणाऱ्याची लिहिली जाते.

आता पित्ताशयाकडे. ते पहिल्यांदा काढलं कार्ल लांगेनबुख यांनी, बर्लिनमध्ये १८८२ साली, पोट उघडून. दुर्बिणीतून पहिलं कोणी काढलं, हा वाद जास्त रंगतो. फ्रेंच नाव घेतात लियोंच्या फिलिप मूरे यांचं, १९८७चं. पण जर्मनीत ब्योब्लिंगनच्या एरिक म्यूहे यांनी १२ सप्टेंबर १९८५ रोजीच ते केलं होतं. १९८६ मध्ये जर्मन सर्जनांच्या संस्थेच्या परिषदेत त्यांच्या वाट्याला अविश्वास आला. १९९२ मध्ये त्याच संस्थेने त्यांचा गौरव केला. तारखेने मान म्यूहेंचाच.

तरी दोघांची वाट एकाच दारातून गेली, स्त्रीरोगतज्ज्ञांच्या. म्यूहेंना स्फूर्ती मिळाली ती १९८० मध्ये दुर्बिणीतून अपेंडिक्स काढणाऱ्या कुर्ट झेम यांच्याकडून, आणि झेम कीलचे स्त्रीरोगतज्ज्ञ. मूरेंचा दवाखाना एका स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर सामाईक होता. सर्जनांच्या इतिहासात हा दुवा फार वेळा एका वाक्यात उरकतात, ते अन्यायाचं आहे.

इकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया १९७२ पासून निदानासाठी पोटात दुर्बीण घालत होते. १९९० मध्ये तिथेच त्यांनी भारतात पहिल्यांदा पित्ताशय दुर्बिणीतून काढलं.